हरिश्चंद्राची फॅक्टरी आणि तेवीस किलोंचा हिशेब

मंडळी, परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. २००९ सालचा हा चित्रपट. ‘श्वास’नंतर भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवला गेलेला हा दुसरा मराठी चित्रपट, म्हणून त्या वेळी आपल्या इंग्लंडमधल्या मराठी घरांतही त्याचं भरपूर कौतुक झालं. त्यावर आता इतक्या वर्षांनी नवीन काय लिहायचं, असं कोणी विचारील. मलाही तसंच वाटत होतं. पण गेल्या महिन्यात माझ्या मुलीबरोबर तो पुन्हा पाहिला आणि चित्रपट संपल्यावर तिने एक साधा प्रश्न विचारला, “बाबा, पण हे सगळं सामान त्यांनी लंडनहून मुंबईला नेलं कसं?”

प्रश्न तिच्या दृष्टीने अगदी व्यवहाराचा होता. ती इथे चित्रपटकलेचा अभ्यास करते आणि येत्या जानेवारीत तिच्या आजीच्या महिला भजनी मंडळावर छोटा माहितीपट करायला भारतात निघाली आहे. खिशात शनिवार-रविवार उपाहारगृहात काम करून साठवलेले पैसे. मी स्वतः गेली वीस वर्षं लग्नं, मुंजी आणि कंपन्यांचे समारंभ चित्रित करून पोट भरतो. त्यामुळे कॅमेऱ्याची पेटी घेऊन विमानतळावर उभं राहणं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक आहे. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला चित्रपटात सापडेना. आणि ते का सापडत नाही, याचा विचार करताना या चित्रपटाबद्दलचं माझं मत थोडं बदललं.

आधी चित्रपटाचं जे चांगलं आहे ते मोकळ्या मनाने सांगतो. नंदू माधव यांनी रंगवलेले दादासाहेब फाळके विसरता येत नाहीत. डोळ्यांत सतत एक खोडकर चमक, चालण्यात घाई, आणि संकट आलं की जणू कोणी नवं खेळणं हाती दिलं आहे असा चेहरा. विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई त्याहून सरस. नवऱ्याच्या वेडामागे फरफटत जाणारी सोशिक बायको त्या कुठेच होत नाहीत. त्या या उद्योगातल्या खऱ्या भागीदार वाटतात. थोर माणसांवरचे आपले चित्रपट बहुधा देव्हाऱ्यासमोर उभे राहून काढलेले असतात. मोकाशींनी तो देव्हारा काढून टाकला आणि गिरगावातल्या एका घरातली धमाल दाखवली, हे त्यांचं मोठं यश.

दृश्यांची मांडणीही विचारपूर्वक केलेली आहे. कॅमेरा बहुतेक वेळा समोर, थोड्या अंतरावर, शांत उभा असतो आणि माणसं चौकटीत येतात-जातात. मूकपटांच्या काळात कॅमेरा जड तिकाटण्यावर उभा करून हाताने फिरवावा लागे, त्याची ही आठवण आहे. सामानाचं वजन चित्राच्या भाषेत उतरतं, हे मोकाशींना पक्कं कळलेलं आहे. म्हणूनच माझी तक्रार त्यांच्याकडेच आहे. चित्राच्या भाषेत त्यांनी जे वजन ओळखलं, ते कथेत कुठे गेलं?

फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत बोटीने लंडनला निघाले. चित्रपटात लंडनचा मुक्काम प्रसन्न आणि गमतीदार प्रसंगांत पार पडतो. परक्या शहरात आलेला एक मराठी माणूस, त्याचा भाबडा आत्मविश्वास, त्याला मदत करणारे भले इंग्रज. पहिल्या वेळी मी पोट धरून हसलो. परदेशात पहिल्यांदा पाऊल टाकल्याची आपली प्रत्येकाची फजिती त्यात आहे. पण चित्रपट संपल्यावर मनात राहतं ते फाळक्यांचं हसू. त्यांची हिशेबाची वही मनात राहत नाही. आणि माझ्या मते त्या प्रवासातला खरा पराक्रम त्या वहीत होता.

थोडा हिशेब मांडून पाहू. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून त्यांनी मित्राकडून दहा हजार रुपये उभे केले, असं त्यांच्या चरित्रांत येतं. त्या काळी एका पौंडाला पंधरा रुपये हा दर ठरलेला होता. म्हणजे सुमारे साडेसहाशे पौंड. विल्यमसन कॅमेरा त्यांनी पन्नास पौंडांना घेतला, म्हणजे साडेसातशे रुपयांना. एकूण भांडवलाच्या तेराव्या हिश्श्याहूनही कमी! हा आकडा मी कागदावर मांडला तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. आमच्या धंद्यातला कोणताही नवखा मुलगा काय करतो? हातात दहा हजार आले की आठ हजारांचा कॅमेरा घेतो, आणि उरलेल्या दोन हजारांत बाकीचं जग बसवायला निघतो. मीही तेच केलं आहे.

बाकी पैशांत फाळक्यांनी काय घेतलं ते पाहा. कोडॅकची कोरी फिल्म आणि फिल्मला कडेने भोकं पाडायचं यंत्र. भोकं पाडायचं काम त्यांना घरी करता येणार होतं आणि सरस्वतीबाईंनी ते अंधाऱ्या खोलीत बसून केलंही. जे काम दुसऱ्याकडून पुन्हा पुन्हा पैसे देऊन करवून घ्यावं लागलं असतं, त्याचं हत्यारच त्यांनी एकदा पैसे देऊन घेतलं. काय नेलं नाही, तेही तितकंच महत्त्वाचं आहे. कॅमेरामन नेला नाही, कारण तो स्वतः शिकायचा होता. आणि प्रकाशासाठी? दादरच्या बंगल्याच्या आवारात काचेची खोली बांधली. मुंबईचं ऊन फुकट होतं, ते बोटीत घालून न्यायला लागत नाही.

याच वर्षी घडलेली दुसरी गोष्ट शेजारी ठेवली की फाळक्यांची हुशारी अधिक कळते. १९१२ च्या मे महिन्यात दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ मुंबईत दाखवला गेला. पण त्याचं चित्रीकरण एका इंग्रज कॅमेरामनने केलं होतं आणि फिल्म धुवायला लंडनला पाठवली गेली होती. तोरण्यांच्या कामाचं मोल कमी लेखायचं नाही. पण प्रत्येक चित्रपटाची फिल्म सात समुद्र ओलांडून जाणार आणि परत येणार असेल, तर तो धंदा दर खेपेला लंडनवर अवलंबून राहणार. फाळक्यांनी एकदाच प्रवास केला, आणि पुढच्या चित्रपटांसाठी तो प्रवास करावा लागू नये असंच सामान निवडलं. कमी पैशांत परदेशी जाणाऱ्या चित्रपटकर्त्याने शिकावा असा हाच एक धडा. चित्रपटाचं नाव ‘फॅक्टरी’ आहे, आणि ही निवड हाच त्या फॅक्टरीचा पाया होता. नेमकी तीच गोष्ट चित्रपटात गंमतीच्या ओघात हातातून निसटते.

ही निवड हवेतून आलेली नव्हती. फाळके मुंबईत असतानाच ‘बायोस्कोप’ हे लंडनचं साप्ताहिक वाचत. लंडनला आल्यावर ते त्याच्या संपादकांना, कॅबर्न यांना, जाऊन भेटले. सेसिल हेपवर्थ यांचा वॉल्टन इथला स्टुडिओ पाहिला. सगळा मिळून मुक्काम जेमतेम दोन आठवडे. एक एप्रिलला ते मुंबईत परतही होते. ज्याला लंडनच्या खोलीचं भाडं रोज मोजावं लागतं, तोच इतक्या कमी दिवसांत इतकं काम उरकतो. आपण इथे नवीन आलो तेव्हाचे दिवस आठवा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

आता मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. सामान त्यांनी नेलं कसं? चरित्रांत दिसतं ते असं, की कॅमेरा आणि फिल्म त्यांच्याबरोबर आलीच नाही. ती मागाहून, मे महिन्यात मुंबईला पोहोचली. मधल्या दिवसांत त्यांनी घर बदललं, काचेची खोली आणि अंधारी खोली तयार केली. पेटी आल्यावर सोबतच्या आकृतीवरून चार दिवसांत यंत्र जुळवलं. म्हणजे घेतलेलं कर्ज डोक्यावर, यंत्र समुद्रात, आणि माणूस घरी भिंती बांधतो आहे. या वाट पाहण्यात केवढी धडधड असेल! मला तरी ती धडधड चित्रपटात जाणवली नाही.

ती मला का हवी होती, ते सांगायचं तर माझी स्वतःची फजिती सांगावी लागेल.

२०१२ च्या डिसेंबरात मी भोर तालुक्यातल्या आमच्या गावी निघालो होतो. माझी आत्या तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. तिला जात्यावरच्या ओव्या येत. किती, हे तिलाही माहीत नव्हतं. दळायला बसली की एकातून एक निघत. त्या चित्रित करायच्या, असं मी दहा वर्षं म्हणत होतो. शेवटी इथून मोठा कॅमेरा, लेन्स, दिवे, तिकाटणं, आवाज मुद्रित करायचं यंत्र, सगळं रोजच्या भाड्यावर घेतलं. तेवीस तेवीस किलोंच्या दोन पेट्या झाल्या. बायकोने चकलीचा सोऱ्या आणि पुतण्यासाठी घेतलेले बूट बाहेर काढले, तेव्हा कुठे वजन जमलं. कागदपत्रांचं काय, असं एका मित्राने विचारलं होतं. “अरे, आपल्याच देशात चाललोय,” असं मी त्याला ऐटीत सांगितलं.

भारतातल्या विमानतळावर पेट्या उघडल्या गेल्या. हे सामान विकायला आणलं आहे की परत नेणार, याचा पुरावा काय? माझ्याकडे भाड्याची पावती होती. पण तिच्यावर वस्तूंचे क्रमांक नव्हते. अधिकारी उर्मटपणे वागले असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं. चूक सर्वस्वी माझी. पेट्या तिथेच राहिल्या आणि सुटायला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांचं भाडं इथे लंडनमध्ये चालूच होतं.

हाती उरला तो खांद्यावरच्या पिशवीतला छोटा कॅमेरा. लग्नात फोटो काढायला वापरतो तो. आत्या म्हणाली, “मोठ्या यंत्राचं काय करतोस? बस इथं, ऐक.” मी बसलो. दिव्यांचा लखलखाट नाही, तिकाटणं नाही, आजूबाजूला गावातली पोरं जमलेली नाहीत. दारातून येणाऱ्या उन्हात ती दळत होती आणि गात होती. मोठा कॅमेरा असता तर ती इतकी मोकळी बसली नसती, हे मला तेव्हाच कळलं. चित्र सुरेख आलं आहे.

आवाज मात्र आला नाही. आवाजाचं यंत्र पेटीत होतं. छोट्या कॅमेऱ्याच्या अंगच्या माईकने जात्याची घरघर तेवढी छान टिपली आणि तिच्यामागे आत्याचे शब्द बुडाले. निम्म्या ओव्या आज कान लावूनही कळत नाहीत. पेट्या सुटल्या तेव्हा माझे परतीचे दोन दिवस उरले होते आणि आत्याला ताप आला होता. पुढच्या वर्षी पुन्हा येतो म्हणालो. पुढच्या वर्षी जमलं नाही. २०१४ मध्ये ती गेली.

ते यंत्र केवढं होतं म्हणता? माझ्या तळहाताएवढं. मी ते हातातल्या पिशवीत सहज ठेवू शकलो असतो. पण पिशवीत मी मोठ्या कॅमेऱ्याची महागडी लेन्स ठेवली होती. कारण ती महाग होती! काय महाग आहे आणि काय पुन्हा मिळणार नाही, यातला फरक मला कळला नाही. फाळक्यांना तो कळला होता. म्हणून त्यांची वही मला त्यांच्या हसण्याइतकीच मोलाची वाटते.

चित्रपट मी दुसऱ्यांदा पाहिला तो या प्रकारानंतर, आणि तेव्हा मला त्याचा थोडा रागच आला होता. इतकं सोपं होतं का हे? आता तिसऱ्यांदा पाहताना राग ओसरला. मोकाशींची बाजूही मला दिसली. कर्ज, दागिने, डोळ्यांचं दुखणं, लोकांची कुचेष्टा, हे सगळं रडून दाखवणारा चित्रपट काढणं फार सोपं होतं. फाळक्यांनी हा सारा भार हसत उचलला, असं त्यांना सांगायचं आहे, आणि ते खरंही असेल. माझं म्हणणं एवढंच, की भार किती होता ते कळल्याशिवाय हसत उचलण्याचं मोल प्रेक्षकाला कळत नाही. एखाद्या दृश्यात नवरा-बायको दिव्याखाली बसून पौंडांचे रुपये करताना दिसली असती, हे घ्यायचं आणि हे सोडायचं असा वाद झाला असता, तर विनोदाला बाध आला नसता. उलट आपल्या घराघरांत चालणारा हा वाद पाहून आपण अधिकच हसलो असतो. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला आले आणि इथेच राहून काम करण्याचं निमंत्रण त्यांनी नाकारलं. तो नकारही या हिशेबाच्या प्रकाशात वेगळा दिसतो. भावनेचा भाग होताच. पण ज्याने घरी कारखाना उभा केला आहे, त्याला दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरी कशाला?

असो. आमच्या घरी सध्या जानेवारीच्या प्रवासाची यादी भिंतीवर लावली आहे. इथून कॅमेरा घेऊन परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांना उपयोगी पडेल म्हणून त्यातलं थोडं इथे सांगतो. प्रत्येक वस्तूचं नाव, क्रमांक आणि किंमत असलेली यादी. व्यावसायिक सामान तात्पुरतं नेऊन परत आणण्यासाठी ‘एटीए कारनेट’ नावाचा कागद चेंबर ऑफ कॉमर्सकडून मिळतो. एक वर्ष चालणारा हा सामानाचा पासपोर्टच समजा. त्याला फी आणि तारण लागतं. कुठल्या देशात कुठल्या कामासाठी तो चालतो, हे निघण्याआधी विचारावं. युरोपात व्यावसायिक सामान नेतानाही २०२१ पासून आपल्याला हा विचार करावा लागतो.

बॅटऱ्यांचंही तसंच. सुट्या लिथियम बॅटऱ्या पोटातल्या सामानात चालत नाहीत, हातातच न्याव्या लागतात. शंभर वॉट-तासांपर्यंतच्या सहसा चालतात. त्यापुढे एकशे साठपर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि मोजून दोनच नेता येतात. मुलीने गणित केलं, चौदा पूर्णांक चार व्होल्ट गुणिले सहा पूर्णांक आठ अँपिअर-तास, म्हणजे अठ्ठ्याण्णव. “बसतंय बाबा!” मला हसू आलं. फाळक्यांच्या काळची फिल्म नायट्रेटची असे, ठिणगी लागली तर भडकणारी. शंभर वर्षांपूर्वी चित्रपटवाला आगीचा डबा घेऊन समुद्र ओलांडत होता, आज आकाशातून जातो, एवढाच फरक.

दिवे आणि तिकाटणं ती मुंबईत भाड्याने घेणार आहे. तिला मोठा कॅमेरा हवा होता. मी आधी नाही म्हणालो, मग गप्प बसलो. कारण निवड तिची आहे. दोन दिवसांनी तिनेच तो यादीतून खोडला. त्या पैशांत ती चार दिवस जास्त राहू शकते. फाळक्यांना हे आवडलं असतं, असं मला वाटतं.

हातातल्या पिशवीत मात्र मी एक वस्तू स्वतः ठेवणार आहे. आवाजाचं यंत्र, सर्वांत वर.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ जरूर पाहा, मुलांबरोबर पाहा. आणि तो हसरा माणूस बोटीवर चढताना दिसला, की त्याच्या खिशातल्या वहीत काय असेल, ते त्यांना विचारा. आमच्याकडे त्या एका प्रश्नावर जेवणं थंड झाली होती.